भांड्याला आवाज नाही

संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, असं ज्या कुणी प्रथम म्हणून ठेवलं त्याच्या घरात प्लास्टिक शिरलेलं नव्हतं, हे उघड आहे. पितळेला पितळ लागलं की शेजारच्या बिऱ्हाडात कळायचं. स्टीलला स्टील लागलं की अजूनही खालच्या मजल्यावर कळतं आणि वरच्या मजल्यावर समाधान होतं. प्लास्टिकला प्लास्टिक लागलं तर नुसता 'पट्' असा आवाज येतो. त्यात ना राग ना रंग. आमच्या घरी गेले दोन महिने जो वाद चालला तो अशाच एका मुक्या भांड्यावरून.

हे भांडं आमच्या मेहुण्यांनी दिलं. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, याचा त्यांना आमच्याहून जास्त आनंद झाला आणि त्यांनी एक यंत्र आणून ओट्यावर ठेवलं. त्याला मिक्सर म्हणायचं नाही, ब्लेंडर म्हणायचं, असं त्यांनी पहिल्यांदाच बजावलं. पंधराशे वॉटची मोटर, वर दोन लिटरचं पारदर्शक भांडं. आमच्या जुन्या मिक्सरची मोटर पाचशे वॉटची. म्हणजे तिप्पट बढती, तीही मधल्या परीक्षा न देता. त्याची पिन इतकी जाड की स्वयंपाकघरातल्या एकाही साध्या पॉइंटात ती शिरेना. शेवटी कपडे धुण्याच्या यंत्राचा पॉइंट त्याला द्यावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे एका वेळी एक तर कपडे तरी निघतात, नाही तर चटणी तरी.

आता नुसती चटणी असती तर वाद झालाच नसता. पण नेमके त्याच सुमारास दंतवैद्याने आमच्या आईचे उरलेसुरले पाच दात काढले आणि हिरड्या भरून आल्याशिवाय कवळीचं माप घेणार नाही, असं सांगितलं. तोवर सगळं पातळ. मुगाचं कढण, भोपळ्याचं सार, भाजी-भात एकत्र केलेलं एक राखी रंगाचं प्रकरण. दोन्ही वेळा सगळं त्या भांड्यातून फिरून येणार आणि तेही गरम. कारण कोमट अन्न आजारी माणसाला देतात आणि आपण आजारी नाही, हे आईचं मत. "दात गेलेत, जीभ आहे," असं ती म्हणते. जीभ आहे याबद्दल घरात कुणालाच शंका नाही.

आमची कन्या अकरावी सायन्सला आहे. तिने तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून जाहीर केलं, "बाबा, आजीला यातून उकळतं देऊ नका. प्लास्टिक आहे."

"अगं, एवढं महागाचं भांडं! वाईट कसं असेल?" आमची ही म्हणाली. भावाने दिलेल्या वस्तूला लागलेलं बोट तिला स्वतःच्या डोळ्यात गेल्यासारखं वाटतं.

मेहुण्यांना फोन लावला. ते पलीकडून ओरडले, "भावोजी, बीपीए-फ्री आहे! खोक्यावर लिहिलंय बघा!" आणि ठेवून दिला.

मग निवाडा माझ्याकडे आला. मी बी.कॉम. रसायनशास्त्राशी माझा संबंध स्टॅम्पपॅडच्या शाईपुरता. पण बँकेतला माणूस बारीक अक्षरं वाचतो, असा घरात एक गैरसमज आहे. वास्तविक आम्ही ती छापतो. वाचायची गिऱ्हाइकाने असतात.

तरी भांडं उलटं करून, चष्मा कपाळावर चढवून, तळ वाचला. तिथे बाणांचा एक त्रिकोण आणि त्यात सात हा आकडा. या आकड्यांची एक गंमत आहे. एक ते सहा आकडे एकेका प्लास्टिकला नावानिशी दिलेले आहेत. पाण्याच्या बाटलीचा एक, दुधाच्या कॅनचा दोन, आपल्या डब्यांचा बहुधा पाच. आणि सात म्हणजे 'इतर'. जे कुठेच बसत नाही ते सातात. हा प्रकार मी ताबडतोब ओळखला. बँकेत याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. ज्या रकमेचं काय करायचं ते कुणाला कळत नाही ती तिथे टाकतात आणि साहेबाची बदली होईपर्यंत त्याविषयी बोलत नाहीत. सातच्या खात्यात पॉलिकार्बोनेटही आहे आणि ट्रायटनही आहे. एकावर लोकांचा आक्षेप आहे आणि दुसरं त्याच आक्षेपामुळे पुढे आलेलं आहे. दोघांचा पासबुक नंबर एकच!

पॉलिकार्बोनेट १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीत श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये फॉक्स यांनी, एकमेकांना न विचारता, शोधलं. काचेसारखं आरपार आणि हातोड्यालाही दाद न देणारं. ते ज्यापासून बनतं ते बिस्फेनॉल ए, म्हणजेच खोक्यावरचं बीपीए. त्याचं पूर्वायुष्य मला फार आवडलं. १८९१ साली दियानिन नावाच्या रशियन रसायनतज्ज्ञाने ते तयार केलं. पुढे १९३६ च्या सुमारास इंग्लंडात डॉड्स हे स्त्रियांच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाला स्वस्त पर्याय शोधत होते. त्यांनी याला तपासलं, तर हे थोडंफार तसं वागतं असं आढळलं. पण १९३८ मध्ये त्यांनाच त्याहून जोरदार दुसरा पदार्थ सापडला आणि औषध म्हणून याची नेमणूक राहून गेली. मग हे गृहस्थ प्लास्टिकच्या खात्यात लागले. एका खात्यात नापास झालेला माणूस दुसऱ्या खात्यात जाऊन मोठा होतो, याची उदाहरणं आमच्या झोनल ऑफिसात हवी तेवढी आहेत. प्रश्न एवढाच, की जुन्या खात्यातल्या सवयी तो बरोबर घेऊन येतो.

"पण मुळात प्लास्टिक हवंच कशाला? काचेचं का नाही करत?" हिचा प्रश्न.

यावर मी पेन्सिल घेतली. पुस्तिकेत मिनिटाला २०,००० फेरे लिहिले होते. पातं टोकापासून टोकापर्यंत आठ सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात टोक सुमारे पंचवीस सेंटिमीटर धावतं. मिनिटाला पाच किलोमीटर, तासाला तीनशे. आमची डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला तीन तासांवर वेळ घेते. हे पातं रुळावर सोडलं तर चाळीस मिनिटांच्या आत बोरीबंदरला धडकेल. भांडं भरलेलं असताना वेग बराच उतरतो, हे खरं, पण एवढ्या वेगात भांड्यात चमचा राहिला आणि भांडं काचेचं असलं तर काय होईल, ते स्वयंपाकघर आवरणाऱ्याने सांगावं. शिवाय दोन लिटरचं जाड काचेचं भांडं भरून उचलायचं म्हणजे व्यायामशाळाच. राहिलं स्टील. ते या असल्या यंत्रांना मिळतंही, पण त्यातून आतलं दिसत नाही. आणि तीनशेच्या वेगाने फिरणारं काही तरी पाहायला मिळावं, याचेच तर लोक जादा पैसे देतात.

आपल्याकडे मात्र स्टीलच रुळलं. सिमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या माथुर नावाच्या गृहस्थांच्या घरचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणापुढे हात टेकून बसला आणि त्यातून साठच्या दशकात 'सुमीत'चा जन्म झाला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. भिजवलेली उडीद डाळ आणि सुकं खोबरं यांच्यापुढे परदेशी यंत्रं रडतात, यात मला अजूनही थोडा राष्ट्रीय आनंद होतो.

दुसरा हिशेब उष्णतेचा. पंधराशे वॉट पाच मिनिटं चालले तर त्या शक्तीत एक लिटर पाणी शंभर अंशांहून जास्त चढायला हवं. काही शक्ती मोटर स्वतःच खाते, काही हवेत जाते, तरी गॅस न पेटवता सार वाफाळतं. या यंत्रांची जाहिरातच तशी असते, नुसत्या घुसळण्याने गरम सूप! म्हणजे गरम ओतलं नाही तरी चालू ठेवलं की गरम होतंच. आणि कन्येचं म्हणणं नेमकं इथेच होतं. तिने मोबाइलवर शोधून दाखवलं. २००८ साली सिनसिनाटी विद्यापीठात पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या तपासल्या. बाटली नवी की वर्षानुवर्षं वापरलेली, याने विशेष फरक पडेना. फरक पडला तो पाण्याने. उकळतं पाणी ओतल्यावर बीपीए सुटण्याचा वेग साध्या पाण्याच्या मानाने पंचावन्न पटींपर्यंत गेला.

उंदरांची हकीकत तर त्याहून चांगली. १९९८ साली ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरात पॅट्रिशिया हंट या बाई उंदरांवर संशोधन करत होत्या. अचानक उंदरांच्या माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांचा गोंधळ दिसू लागला. शोधता शोधता कळलं की एका बदली कामगाराने पिंजरे फरशीच्या उग्र साबणाने धुतले होते. पिंजरे पॉलिकार्बोनेटचे. साबणाने प्लास्टिक खाल्लं आणि त्यातलं बीपीए उंदरांच्या पोटात गेलं. २००३ साली हे सगळं छापून आलं. (जगात कुठेही जा, सापडतो तो बदली कामगारच. कायम झालेल्याच्या हातून काही होत नाही.)

ही गोष्ट ऐकून आमची ही एकदम गप्प झाली. कारण आमच्या भांडी घासणाऱ्या मावशी प्रत्येक वस्तूला धुण्याचा सोडा आणि तारेची घासणी लावतात. त्यांच्या मते वस्तू दोन प्रकारच्या, घासलेली आणि न घासलेली. आठवड्याभरात ते नवंकोरं भांडं मोतीबिंदू झाल्यासारखं दिसू लागलं होतं. त्यातून हळदीने त्याला कायमची कावीळ झालेली.

"पण आपलं बीपीए-फ्री आहे ना!" ही म्हणाली.

आता हा फ्री शब्द. आमच्याकडेही 'चार्जेस फ्री' खातं असतं. त्यात अमुक एक चार्ज नाही एवढाच त्याचा अर्थ. बाकीचे विचारायचे नसतात. बीपीएवर ओरड झाल्यावर पुष्कळ कारखान्यांनी त्याच्या जागी बीपीएस घेतलं. ते याचंच चुलत भावंडं. आडनाव तेच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. वागणूकही बरीचशी त्याच वळणाची असावी, असं संशोधक म्हणू लागले आहेत. त्यातल्या त्यात ट्रायटनची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या ईस्टमन कंपनीने २००७ साली काढलेल्या या प्लास्टिकात बिस्फेनॉल घराण्यातलं कुणीच नाही. तरी त्याच्यावरही एका प्रयोगशाळेने बोट ठेवलं, प्रकरण टेक्सासच्या कोर्टात गेलं आणि २०१३ साली ज्यूरीने ईस्टमनच्या बाजूने कौल दिला. आमच्या भांड्याच्या खोक्यावर एका कोपऱ्यात ट्रायटन असं लिहिलेलं मला अखेर सापडलं. हिने लगेच भावाला फोन केला. निम्मी लढाई मेहुणे जिंकले, हे मी प्रांजळपणे मान्य करतो.

पण किती म्हणजे किती चालतं, असं विचाराल तर तिथे ऑडिटरांचं एकमत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची मर्यादा २०१५ साली ठरवली होती, ती २०२३ मध्ये वीस हजार पटींनी खाली आणली. काल वीस हजार रुपयांचा ओव्हरड्राफ्ट होता, आज एक रुपयाचा. त्यावर जर्मनीची संस्था म्हणाली, इतकं नको, हजारपट सैल ठेवा. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन जागचं हललंच नाही. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून बीपीए काढायचं ठरवलं आणि नेहमीप्रमाणे मुदत दिली. आपल्याकडे मानक ब्यूरोने २०१५ सालीच बाळांच्या दुधाच्या बाटलीतून पॉलिकार्बोनेट घालवलं. बाळं सुटली. बिनदाताच्या आज्यांचं कुठे काही लिहिलेलं मला दिसलं नाही.

इतकं सगळं चालू असताना खरा अपघात झाला तो भलत्याच बाजूने. मेहुणे स्वतः आले. "तुम्ही लोक उगाच घाबरता," असं म्हणून त्यांनी गॅसवरचं खदखदतं कढण भांड्यात काठोकाठ ओतलं, झाकण दाबून बसवलं आणि बटण एकदम शेवटच्या आकड्यावर फिरवलं. पुढे काय झालं ते फार जलद झालं. गरम पातळ पदार्थ घुसळला की आतली वाफ आणि हवा एकदम फुगते आणि तिला वाट लागते. म्हणून त्या झाकणाच्या मधोमध एक छोटं झाकण दिलेलं असतं. ते काढून वाट द्यायची, भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही आणि सुरुवात एक नंबरावरून करायची. हे सगळं पुस्तिकेत आहे. मेहुण्यांनी खोकं वाचलं होतं, पुस्तिका नव्हे. झाकण पंख्याच्या पात्याला लागून देवघरापाशी पडलं. कढण छतावर गेलं आणि तिथून हप्त्याहप्त्याने परत आलं. सुदैवाने मेहुण्यांच्या मनगटावर एकच फोड आला. हातातल्या बंद पेल्यासारखी जी छोटी यंत्रं निघाली आहेत, त्यांत तर वाफेला वाटच नसते. त्यांत गरम काही घालणं म्हणजे स्वतःच फटाका भरून स्वतःच धरून ठेवणं. बीपीएने वीस वर्षांनी काय होईल यावर आम्ही दोन महिने बोललो आणि दोन सेकंदांत काय होईल यावर कुणीच नाही.

तसंच त्या काळ्या कणांचं. सगळं जग भांड्याच्या भिंतीकडे डोळे लावून बसलेलं असताना, अमेरिकेत व्हायटामिक्सच्या ग्राहकांना सरबतात काळे ठिपके दिसले. ते निघाले पात्याच्या बुडाशी असलेल्या सीलमधून, टेफ्लॉनच्या जातीचे. अपाय होत नाही, असं कंपनीचं म्हणणं. तरी २०१५ साली ओहायोत लोक कोर्टात गेले आणि पुढे तडजोड झाली. हे वाचल्यापासून मी आमच्या भांड्याचा वॉशर बोटाने चाचपून बघतो. ही म्हणते, नाडी बघताय का?

या सगळ्या वादात माझी भूमिका न्यायाधीशाची होती आणि ती मला शोभतही होती. पण कन्येने एके दिवशी माझ्या खिशातून एटीएमची चिठ्ठी काढली, नखाने ओरखडा काढला, तिथे काळी रेघ उमटली. "बाबा, हा थर्मल कागद आहे. याच्यावर बीपीए नाही तर बीपीएस नुसतं भुकटीसारखं बसलेलं असतं. भांड्यातलं निदान घट्ट बांधलेलं तरी असतं."

मी काउंटरवर बसतो. टोकनची चिठ्ठी, कार्डाच्या मशीनची चिठ्ठी, एटीएममधून पैसे न येता आलेली आणि तक्रारीसाठी आणलेली चिठ्ठी, असा सगळा ओघ माझ्या हातांवरून वाहतो. युरोपने जानेवारी २०२० पासून या कागदातल्या बीपीएला लगाम घातला. पावत्या हाताळणाऱ्यांच्या लघवीत ते जास्त सापडतं, असं तपासण्यांतून दिसलंय. आणि २०१४ साली मिसुरी विद्यापीठात असं आढळलं की हाताला सॅनिटायझर लावून असा कागद धरला तर ते कातडीतून फार जोरात आत शिरतं. आमच्या काउंटरवर करोनापासून सॅनिटायझरची बाटली आहे. पेनासारखी तीही दोरीने बांधलेली. रोज दुपारी त्याच हातांनी मी भाकरी मोडतो. हे कळल्यावर त्या संध्याकाळी सबंध घराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आजवर फक्त भांड्याकडे पाहिलं जात होतं. आता आमच्याकडे बँकेतून आलेल्या माणसाने आधी साबणाने हात धुवायचे आणि मगच भांड्यावर मत द्यायचं, असा नियम आहे.

भांड्याचाही नियम ठरला. कढण आधी थंड करायचं, मग यंत्रातून काढायचं, तेही मिनिटभरच, आणि नंतर स्टीलच्या पातेल्यात पुन्हा उकळून आईच्या वाटीत. बर्फ आणि सुका मसाला त्यात टाकायचा नाही. त्यांनी भिंती खरवडतात. त्यासाठी माळ्यावरचा जुना मिक्सर खाली आला. सोडा आणि तारेची घासणी बंद. मऊ स्पंजने ही स्वतः भांडं धुते. मावशींना ते अजून पटलेलं नाही. त्या ते भांडं उचलून उजेडात धरतात आणि कुणाला तरी ऐकू जाईल असं म्हणतात, "नुसतं विसळलंय."

आईने हा सगळा न्यायनिवाडा शांतपणे पाहिला. तिची एकच तक्रार होती की थंड करून पुन्हा गरम केलेल्या कढणाला फोडणीचा वास राहत नाही. तीवर तोडगा म्हणून हल्ली फोडणी शेवटी घालतात.

परवा हिरड्या भरल्या म्हणून तिला कवळीचं माप द्यायला नेलं. कन्याही बरोबर होती. माप झालं, गुलाबी लगदा तोंडातून निघाला, आई चूळ भरून खुर्चीत सरळ बसली आणि दंतवैद्याला विचारती झाली, "काय हो डॉक्टर, ही कवळी असते कशाची?"

"ॲक्रिलिकची, आजी. म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच."

कन्येने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे पाहिलं.

"हं," आई म्हणाली. "आणि गरम चहा चालतो का हो तिला? आणि खाली तो त्रिकोण असतो का?"